अंदाज आधी, कळ नंतर : सहावी ते आठवीच्या वर्गासाठी कोडिंग आणि डिजिटल निर्मितीचे वर्षभराचे उपक्रम

नागपूर परिसरातल्या शाळेत एका वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुले, संगणक कक्षात चालू स्थितीतले दहा संगणक, आठवड्यातून एक जोडतासिका आणि वीज कधी जाईल याची शाश्वती नाही, अशी परिस्थिती गृहीत धरून हा लेख लिहिला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने साधारण सहावीपासून मुलांना कोडिंगची, म्हणजे संगणकाला क्रमवार सूचना लिहून देण्याची, ओळख व्हावी असे सुचवले. त्याआधीच, २०१६ पासून, नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनअंतर्गत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळाशाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हाताने वस्तू करून पाहण्याच्या प्रयोगशाळा, उभ्या राहू लागल्या होत्या आणि त्यांसाठी प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान ठेवण्यात आले. साहित्य येते, कधी भरपूर येते. परंतु सोमवारी सकाळी वर्गात नेमके काय करायचे हा प्रश्न शिक्षकापुढे तसाच राहतो आणि महागडी किट कपाटात कुलूपबंद होऊन बसतात. ज्यांच्या शाळेत अशी लॅब नाही, त्यांचे तर या विषयात आपल्याला काही करता येणार नाही असेच मत होऊन जाते. या दोन्ही शिक्षकांसाठी पुढील मांडणी आहे.

या मांडणीचा पाया एकच आहे : मुलाने कळ दाबण्यापूर्वी काय घडेल याचा अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे. फळ्यावरून ब्लॉक (पडद्यावर एकमेकांना जोडायचे सूचनांचे तुकडे) जसेच्या तसे उतरवून घेणारे मूल दिवाळीपर्यंत वीस प्रोग्राम पूर्ण करते, पण त्यातला एक आकडा बदलला तर काय होईल असे विचारले की गप्प होते. अंदाज लिहिणारे मूल कदाचित आठच प्रोग्राम करील, परंतु त्यातला प्रत्येक त्याचा स्वतःचा असेल. इंग्लंडमध्ये संगणकशिक्षणावर संशोधन करणाऱ्या सू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच क्रम व्यवस्थित मांडला आहे : आधी अंदाज, मग प्रोग्राम चालवून पाहणे, मग त्याची तपासणी, मग त्यात बदल आणि सर्वांत शेवटी स्वतःची नवी निर्मिती. पहिल्या पायरीवरून एकदम पाचवीवर उडी मारण्याचा मोह शिक्षकाने टाळावा.

सुरुवातीची तयारी

प्रत्येक मुलाला शंभर पानी साधी वही द्यावी आणि तिला अंदाजवही म्हणावे. पानाचे उभे तीन भाग करावेत : माझा अंदाज, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि मुले नेमका तोच रिकामा ठेवतात, म्हणून पहिले काही आठवडे शिक्षकाने वर्गात फिरून तोच रकाना वाचावा. चुकलेला अंदाज खोडायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

चाळीस मुलांसाठी दहा संगणक असतील तर वर्गाचे दोन गट करावेत. एक गट जोडीजोडीने संगणकावर बसेल, तर दुसरा त्याच वेळी त्याच संकल्पनेचे कागदावरचे किंवा फरशीवरचे काम करील. जोडतासिकेच्या मध्यावर गट बदलतील. जोडीत एक चालक आणि एक वाटाड्या असावा. माऊस आणि कीबोर्ड चालकाकडे, पुढे काय करायचे ते सांगण्याचे काम वाटाड्याकडे, आणि वाटाड्याने माऊसला हात लावायचा नाही. दर दहा मिनिटांनी घंटी वाजवून भूमिका बदलाव्यात. हा बदल शिक्षकाने स्वतः करवून घेतला पाहिजे, कारण मोकळे सोडले की घरी संगणक असलेले मूल माऊस सोडत नाही आणि मुलगा-मुलगी अशी जोडी असेल तर बहुधा मुलगीच तासभर बघत बसते.

संगणकांवर स्क्रॅच या ब्लॉक जोडून प्रोग्राम करण्याच्या भाषेची ऑफलाइन आवृत्ती पेनड्राइव्हवरून सुट्टीच्या दिवशीच बसवून घ्यावी, म्हणजे तासिकेत इंटरनेटची वाट पाहावी लागणार नाही. फाइलच्या नावात इयत्ता, तुकडी आणि जोडीचा क्रमांक असावा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण चाळीस फाइलींना एकच नाव असलेले फोल्डर उघडण्याची वेळ आली की तिचे मोल कळते.

जुलै : संगणक बंद ठेवून

उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै महिना संपूर्णपणे संगणकाविना घालवावा, असे माझे ठाम मत आहे. मुले कुरकुर करतील, संगणक कक्ष केव्हा उघडणार म्हणून रोज विचारतील. तरीही धीर धरावा.

पहिला उपक्रम तर्री पोह्यांचा. मुलांना गटात बसवून तर्री पोहे करण्याची कृती क्रमवार लिहायला सांगावी. नागपूरच्या मुलांना ही कृती माहीत असतेच, आणि आपल्याला सगळे माहीत आहे या भरवशावरच ती अपुऱ्या सूचना लिहितात. नंतर टेबलावर पोह्यांचे पाकीट, पातेले, पाण्याचा तांब्या, कांदा, चमचा एवढे साहित्य मांडून शिक्षकाने यंत्राची भूमिका घ्यावी आणि लिहिले आहे तेवढेच करावे. ‘पोहे भिजवा’ अशी सूचना आली की न फोडलेले पाकीट पातेल्यात ठेवून वर पाणी ओतावे. ‘कांदा टाका’ म्हटले की सालासकट अख्खा कांदा टाकावा. वर्ग हसतो, ओरडतो, ‘तसं नाही सर, आधी पाकीट फोडा ना’ असे सांगू लागतो. त्या क्षणी शांतपणे एवढेच विचारावे की ही सूचना कागदावर कुठे आहे. मग तीच कृती पुन्हा लिहायला सांगावी. दुसऱ्या खेपेस मुले पाण्याचे माप लिहितात, वेळ लिहितात आणि ‘मऊ होईपर्यंत’ असा शब्दप्रयोग करतात. या ‘होईपर्यंत’वर थांबावे. यंत्राने मऊपणा कसा ओळखायचा? दर मिनिटाला एक पोहा बोटाने दाबून पाहायचा का? अट आणि पुनरावृत्ती या दोन्ही कल्पना इथे मुलांच्या तोंडूनच येतात. त्यांना नावे नंतर द्यावीत.

दुसऱ्या उपक्रमासाठी नागपूर मेट्रोसारखे साधन दुसरे नाही. आपल्या मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत : खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाइन आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही ॲक्वा लाइन. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. फरशीवर खडूने हा फुलीच्या आकाराचा नकाशा काढावा, स्थानकांची नावे लिहावीत आणि एका मुलाला प्रवासी करावे. पहिली सूचना सोपी ठेवावी : खापरीहून शंकर नगरला जा. मुले सूचना लिहितात : ऑरेंज लाइनने सीताबर्डीपर्यंत या, उतरा, ॲक्वा लाइनने लोकमान्य नगरच्या दिशेने जा, शंकर नगरला उतरा. आता खरे काम द्यावे : कोणत्याही स्थानकाहून कोणत्याही स्थानकाला जाणाऱ्या प्रवाशाला लागू पडेल असा एकच सूचनासंच लिहा.

इथे वर्ग प्रथमच अडतो, आणि त्याने अडावे हीच अपेक्षा आहे. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणते की दोन्ही स्थानके एकाच लाइनवर असतील तर गाडी बदलायची नाही, नसतील तर सीताबर्डीला बदलायची. फळ्यावर ‘जर’, ‘तर’, ‘नाहीतर’ असे तीन शब्द लिहून ही सूचना त्यांत बसवावी. नंतर गटांनी एकमेकांचे सूचनासंच मोडून दाखवावेत. अजनीहून झिरो माइलला जाणाऱ्यासाठी संच चालतो का? चालतो, कारण दोन्ही ऑरेंज लाइनवर आहेत. सीताबर्डीहून कॉटन मार्केटला? इथे बरेच संच कोसळतात, कारण सीताबर्डी कोणत्या लाइनवर धरायची याचा विचार कुणी केलेला नसतो. आणि जो प्रवासी निघतो तिथेच उतरणार आहे, त्याचे काय? त्याला मुळात गाडीत बसवायचे नाही, ही अट सर्वांत आधी तपासावी लागते. अटी कोणत्या क्रमाने तपासायच्या हा प्रश्न अनेक मोठ्या माणसांनाही चकवतो. सातवीतली मुले तो खडूच्या रेघांवर उभी राहून सोडवतात. या उपक्रमाला दोन जोडतासिका द्याव्यात, एकीत तो उरकू नये.

द्विमान संख्यांचा खेळ तुलनेने लवकर आटोपतो. पाच मुलांना १६, ८, ४, २ आणि १ ठिपक्यांची कार्डे देऊन रांगेत उभे करावे. कार्ड दिसले तर १, उलटे धरले तर ०. शिक्षक संख्या सांगेल आणि मुले कार्डे फिरवतील. ० पासून ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या एकाच पद्धतीने तयार होते हे मुलांच्या लक्षात आले की प्रत्येकाने आपल्या वाढदिवसाची तारीख याच पद्धतीने वहीत लिहावी.

ऑगस्ट : रांगोळीतून लूप

आता संगणक उघडावा. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली स्क्रॅच ही भाषा मोफत आहे आणि साध्या संगणकावरही चालते. तिच्यात विस्तार म्हणून लेखणीचे ब्लॉक जोडता येतात, त्यामुळे पडद्यावरचे पात्र चालता चालता रेघ काढू शकते. मुलांना भूमिती शिकवण्यासाठी रेघ काढणारे ‘कासव’ नावाचे यंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांच्या लोगो या संगणकभाषेबरोबर आले. आपण त्याच वाटेने जाणार आहोत, फक्त आपल्याकडे त्यासाठी रांगोळी आधीपासून आहे.

वर्गातल्या मुलींना, आणि ज्यांना येते त्या मुलांनाही, फरशीवर ठिपक्यांची रांगोळी काढायला सांगावी. बाकीच्यांनी काढणारीचा हात पाहून तिच्या हालचाली शब्दांत लिहाव्यात. कोणता भाग पुन्हा पुन्हा आला तो अधोरेखित करावा. मग स्क्रॅचवर चौकोन : १०० पावले चाला, ९० अंश वळा, हे चार वेळा. आधी चारही ओळी सुट्या लिहू द्याव्यात, आणि मुले कंटाळली की ‘पुन्हा करा’चा ब्लॉक, म्हणजेच लूप, दाखवावा.

यानंतरचा प्रश्न या संपूर्ण महिन्यातला सर्वांत मोलाचा आहे : चौकोनाऐवजी समभुज त्रिकोण हवा असेल तर काय बदलाल? वहीत अंदाज लिहून घ्यावा. जवळजवळ सगळा वर्ग ४ च्या जागी ३ आणि ९० च्या जागी ६० लिहितो, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे गणिताच्या पुस्तकात पक्के झालेले असते. प्रोग्राम चालवला की त्रिकोण मिळत नाही. तीन रेघांची उघडी आकृती मिळते, म्हणजे षट्‌कोनाचा अर्धा भाग. उत्तर सांगू नये. एका मुलाला फरशीवर खडूने काढलेल्या त्रिकोणाच्या कडेने चालायला सांगावे आणि कोपऱ्यावर तो किती वळतो ते इतरांनी पाहावे. पात्र आतल्या कोनाइतके वळत नाही, बाहेरच्या कोनाइतके वळते, म्हणजे १२० अंश, हे पायांना आधी कळते आणि वहीत नंतर येते. पूर्ण फेरी मारून मूळ दिशेला येताना एकूण ३६० अंश वळावे लागते, हे मुलांनी स्वतः शोधले की पंचकोन, षट्‌कोन, अष्टकोन आपोआप येतात. पाच टोकांची चांदणी मात्र ७२ ने जमत नाही, १४४ ने जमते. तिथे पात्र दोन फेऱ्या घेते. हा शोध चपळ मुलांसाठी राखून ठेवावा.

शेवटी लूपमध्ये लूप. चौकोन काढून झाला की ३० अंश वळा आणि हे बारा वेळा करा, एवढ्या सूचनेतून एक भरगच्च रांगोळी तयार होते. रंग, जाडी आणि आकडे बदलून प्रत्येक जोडीने आपली रांगोळी तयार करावी. मात्र बदल करण्यापूर्वी अंदाज लिहिलेला असला पाहिजे.

ब्लॉकवरची अक्षरे वाचताना मुले अडखळत असतील, तर नेहमी लागणाऱ्या वीसेक ब्लॉकचा मराठी अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून तो तक्ता संगणक कक्षाच्या भिंतीवर लावावा.

तान्हा पोळा : झुलीवरचे दिवे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो आणि मुले लाकडी बैल सजवून बाहेर काढतात. डिजिटल निर्मितीची सुरुवात करायला याहून चांगले निमित्त वर्षभरात मिळत नाही, कारण जी वस्तू करायची ती मुलाला मनापासून हवी असते. लाकडी बैलाच्या पाठीवर घालायची पुठ्ठ्याची झूल करायची आणि तिच्यावर दिवे लावायचे.

एका जोडीला लागणारे साहित्य असे : सीआर २०३२ क्रमांकाचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल, एकाच रंगाचे दोन एलईडी, तांब्याची चिकटपट्टी, जाड कागद आणि कागद अडकवायचा एक काळा क्लिप. तांब्याची पट्टी महाग वाटली तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या अरुंद पट्ट्या गोंदाने चिकटवूनही काम भागते. एलईडी आणि सेल सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळतात.

प्रथम कागदावर पेन्सिलीने झुलीचा आकार आणि विजेची वाट काढावी : सेलच्या एका बाजूपासून निघून एलईडीतून जाऊन दुसऱ्या बाजूला परत येणारी अखंड वाट. त्या रेघेवर पट्टी चिकटवावी. कोपऱ्यावर पट्टी कापून दुसरा तुकडा लावू नये, तीच पट्टी दुमडून वळवावी, कारण पट्टीखालच्या गोंदातून वीज नीट जाईलच असे नाही. एलईडीचा लांब पाय धन बाजूला येईल असा ठेवून दोन्ही पाय चपटे वाकवावेत आणि पट्टीवर घट्ट चिकटवावेत. सेलवर जिकडे अधिकचे चिन्ह आहे ती धन बाजू. कागदाचा एक कोपरा दुमडून तो सेलवर टेकेल असा केला की तोच खटका होतो आणि क्लिप लावली की दिवा चालू राहतो.

दिवा लागला नाही तर लगेच मदतीला धावू नये. तपासण्याचा क्रम फळ्यावर असावा : एलईडी उलटा आहे का, पट्टी कुठे तुटली आहे का, दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आहेत का, सेल नीट दाबला गेला आहे का. प्रोग्राममधला दोष शोधायला हाच शिस्तीचा क्रम पुढे उपयोगी पडतो.

आता अंदाजाचे काम. दोन लाल एलईडी एकापुढे एक जोडले तर लागतील का? लागत नाहीत, कारण लाल एलईडीला प्रत्येकी सुमारे २ व्होल्ट लागतात आणि सेल एकूण ३ व्होल्टचाच आहे. शेजारीशेजारी, वेगवेगळ्या वाटांनी जोडले की दोन्ही लागतात. मग एक लाल आणि एक निळा शेजारीशेजारी जोडायला सांगावे. लाल लागतो आणि निळा जवळजवळ विझलेलाच राहतो. निळ्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, पण लाल दिवा सेलचा दाब २ च्या आसपास खाली ओढून ठेवतो. निळा एलईडी खराब आहे अशी मुलांची खात्री झालेली असते. लाल काढून घेतला की तोच निळा पेटतो आणि मग वर्गात जी चर्चा होते ती शिक्षकाने फक्त ऐकावी.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. नाण्यासारखा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, म्हणून सेल मोजून द्यावेत, मोजून परत घ्यावेत, आणि झूल घरी देताना सेल चिकटपट्टीने पक्का बंद करून धाकट्या भावंडांपासून दूर ठेवण्याची लेखी सूचना पालकांना द्यावी. कुणी सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सेल खिशात सुटे ठेवू नयेत. घरातल्या प्लगमधल्या २३० व्होल्ट विजेशी कोणत्याही उपक्रमाचा संबंध येता कामा नये.

सप्टेंबर ते दिवाळी : संत्री टिपण्याचा खेळ

व्हेरिएबल (प्रोग्राम चालू असताना बदलत जाणारा, नाव दिलेला आकडा) ही कल्पना व्याख्येतून शिकवली की मुले ती पाठ करतात. गुणफलकातून शिकवली की ती वापरतात. वरून संत्री पडत आहेत आणि खाली टोपली डावीकडे-उजवीकडे सरकवून ती टिपायची, असा खेळ मुलांनी तयार करावा. स्क्रॅचच्या पडद्याची रुंदी ४८० आणि उंची ३६० असते आणि मधला बिंदू शून्य धरला जातो. म्हणजे आडवे स्थान उणे २४० ते २४० आणि उभे स्थान उणे १८० ते १८०. आलेखाच्या कागदावर हा पडदा आधी काढून घ्यावा.

टोपलीचे काम आधी : उजवा बाण दाबलेला असेल तर आडवे स्थान १० ने वाढवा, डावा असेल तर १० ने कमी करा, आणि हे सतत तपासत राहा. नंतर संत्रे : वरच्या कडेजवळ, उभे स्थान १७० वर, उणे २२० ते २२० मधल्या कोणत्याही जागी जा; मग सतत उभे स्थान ५ ने कमी करत राहा. इथे थांबून अंदाज लिहून घ्यावा : उणे ५ च्या जागी ५ लिहिले तर? संत्रे वर जाऊन कडेला अडकते. सुरुवातीची जागा ठरवणारा ब्लॉक सततच्या लूपच्या आत टाकला तर? संत्रे वरच्या कडेलाच इकडेतिकडे थरथरत राहते. हे दोन्ही प्रयोग मुलांनी मुद्दाम करून पाहावेत.

मग गुण. ‘टोपलीला स्पर्श झाला तर गुण १ ने वाढवा’ एवढेच लिहिले की एक संत्रे टिपल्यावर गुणफलक एकदम दहा-पंधरा दाखवतो. स्क्रॅचमधला असा लूप सेकंदाला साधारण तीस वेळा फिरतो, आणि संत्रे टोपलीतून जात असेपर्यंत प्रत्येक फेरीत स्पर्श होतच असतो. हा दोष शिक्षकाने आधीच दुरुस्त करून देऊ नये. मुलांना गुण मोजायला लावावे, संत्रे किती हळू पडते त्यावर गुण कसे बदलतात ते पाहायला लावावे. उपाय त्यांनाच सुचतो की स्पर्श होताच संत्रे पुन्हा वर पाठवायचे. चुकलेले संत्रे उभे स्थान उणे १६० च्या खाली गेले की त्यालाही वर पाठवावे.

खेळ चालू झाला की बदलांना वाव द्यावा : दहा गुणांनंतर वेग वाढणे, सडके संत्रे टिपले तर गुण कमी होणे, वेळेचे बंधन. एका जोडीने दुसऱ्या जोडीचा खेळ खेळून एक सूचना लेखी द्यावी आणि ती अंमलात आणल्यावरच काम पूर्ण धरावे.

हिवाळा आणि उन्हाळ्याची चाहूल : मायक्रोबिट

हा भाग ज्या शाळेत किट आहे तिच्यासाठी. नसेल तर मेककोड या प्रोग्राम लिहिण्याच्या मोफत साधनात पडद्यावरच नकली मायक्रोबिट चालवून बराचसा भाग करता येतो. मायक्रोबिट हा बीबीसीने शाळकरी मुलांसाठी करवून घेतलेला तळहाताहून लहान संगणक आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या साधारण दहा लाख मुलांना तो मोफत देण्यात आला. त्याच्यावर २५ लाल दिवे, दोन कळा आणि हालचाल व तापमान ओळखण्याची सोय असते. प्रोग्राम यूएसबी तारेने चढवायचा आणि मग दोन छोट्या सेलवर तो कुठेही नेता येतो.

नागपूरच्या मुलांना तापमान हा विषय समजावून सांगावा लागत नाही. फेब्रुवारीत कामाला लागावे, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत आकडे चढताना दिसतात. तापमान दाखवणारा प्रोग्राम दोन ब्लॉकांचा आहे, तो लगेच होतो. त्यानंतर विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला तापमापक शेजारी ठेवून दोन्ही आकडे अर्ध्या-अर्ध्या तासाने वहीत लिहावेत. मायक्रोबिट सहसा थोडा जास्त आकडा दाखवतो, कारण तो हवेचे तापमान मोजत नाही, स्वतःच्या चिपचे मोजतो. मग दुरुस्तीसाठी किती वजा करायचे ते मुलांनी नोंदींच्या सरासरीवरून ठरवावे. कोणत्याही यंत्राच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, ही सवय लावण्याची ही उत्तम जागा आहे. दुरुस्त केलेले मायक्रोबिट पत्र्याच्या छताखाली, सिमेंटच्या स्लॅबखाली, झाडाच्या सावलीत आणि कूलरजवळच्या बाकावर ठेवून तुलना करावी. पाण्याचा थेंब त्यावर पडणार नाही याची काळजी घ्यावी.

पुढची पायरी नियंत्रणाची. ‘तापमान ३५ च्या वर गेले तर कूलरचे चित्र दाखवा, नाहीतर पुसून टाका’ असा प्रोग्राम करावा. तापमान ३५ आणि ३६ च्या दरम्यान रेंगाळू लागले की चित्र सतत लागते-विझते. खरा कूलर असा सेकंदासेकंदाला चालू-बंद झाला तर त्याच्या मोटारीचे काय होईल, असे विचारावे. उपाय दोन मर्यादांचा आहे : ३६ च्या वर गेल्यावर चालू करा, ३४ च्या खाली आल्यावरच बंद करा, मधल्या पट्ट्यात आहे ते तसेच राहू द्या. घरातला फ्रिजही याच तत्त्वावर चालतो हे सांगितले की मुले घरी जाऊन त्याचा आवाज ऐकतात. खऱ्या कूलरला मात्र काहीही जोडायचे नाही, चित्र किंवा एलईडी पुरेसा आहे.

शाळेत कुंड्या असतील तर मातीचा ओलावाही मोजता येतो. दोन लांब खिळे मातीत दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर खोचावेत. एक खिळा मायक्रोबिटच्या शून्य क्रमांकाच्या जोडणीला, दुसरा एक क्रमांकाच्या जोडणीला मगरचिमट्याने जोडावा. प्रोग्रामने एक क्रमांक चालू करावा, क्षणभर थांबावे, शून्य क्रमांकावरचा ० ते १०२३ मधला आकडा वाचावा आणि एक क्रमांक लगेच बंद करावा. माती ओली असेल तर आकडा वर जातो, सुकी असेल तर खाली येतो. वीज सतत चालू ठेवली तर खिळे लवकर गंजतात आणि आकडे बिघडतात, म्हणून मोजण्यापुरतीच वीज द्यावी. किती आकड्याखाली पाणी घालायचे हे इंटरनेटवर शोधू नये. आपल्याच कुंडीतली माती पूर्ण सुकी आणि पूर्ण ओली असताना मोजून मुलांनी ठरवावे.

मूल्यमापन

लेखी परीक्षेपेक्षा पाच मिनिटांची बैठक उपयोगाची आहे. जोडीतल्या प्रत्येकाला वेगवेगळे बोलवावे, त्यांचाच प्रोग्राम उघडावा, त्यातला एक आकडा किंवा एक ब्लॉक बदलावा आणि चालवण्यापूर्वी विचारावे : आता काय होईल? अंदाज बरोबर आला का यापेक्षा मुलाने तो कशावरून बांधला हे ऐकावे. दुसरा प्रश्न अंदाजवहीतला : तुझा कोणता अंदाज सर्वांत जास्त चुकला आणि का? ज्या जोडीने काम केले पण एकालाच उत्तर येते, तिथे पुढच्या सत्रात जोडी बदलावी. तक्ता करायचाच असेल तर चारच रकाने ठेवावेत : सूचना क्रमाने लिहिणे, अट व लूप योग्य जागी वापरणे, दोष स्वतः शोधणे, दुसऱ्याला समजावून सांगणे. गुण शेवटच्या दोन रकान्यांना जास्त असावेत.

आठवीच्या अखेरीस काही मुले ब्लॉक सोडून टाइप करून पायथॉन या संगणकभाषेत लिहायला मागतात. त्यांना अवश्य द्यावे, पण त्यांनी आधी केलेलाच प्रोग्राम, म्हणजे मेट्रोचा सूचनासंच किंवा दोन मर्यादांचा कूलर, पायथॉनमध्ये लिहायला सांगावा. मग नवीन असते ती फक्त लिहिण्याची रीत. वर्गातल्या सगळ्यांना मात्र त्या वाटेने ढकलू नये, कारण इंग्रजी कीबोर्डवर अक्षर शोधण्यात तासिका गेली तर विचाराला वेळ उरत नाही.

एप्रिलमध्ये शाळा बंद होण्यापूर्वी सर्व मायक्रोबिटमधले सेल काढून ठेवावेत, नाहीतर उन्हाळ्यात ते पाझरून जोडण्या खराब करतात. मुलांच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि अंदाजवह्या रद्दीत न देता कपाटात ठेवून जुलैमध्ये नव्या सहावीपुढे उघडाव्यात.